खट्, खटखट आणि खडखड

जुन्या गाडीला बिघाड होत नाहीत, आवाज होतात. नवी गाडी बिघडली की पुढ्यात एक पिवळा दिवा लावून गप्प बसते. पुढचं काय ते सर्व्हिस सेंटर आणि तुमचं बँक खातं आपापसांत बघून घेतं. जुन्या गाडीकडे असले दिवे नसतात. ती बोलते, आणि तिचं म्हणणं मेकॅनिकपर्यंत पोचवायचं काम मालकाच्या गळ्यात पडतं. मग बँकेतून सन्मानानं निवृत्त झालेला, चष्मा लावलेला, नातवंडं असलेला गृहस्थ गॅरेजच्या दारात उभा राहून तोंडानं "खट्... खट्..." असे आवाज काढतो. समोरचा विशीतला पोरगा चहाचा कप खाली ठेवतो आणि अत्यंत गंभीरपणे विचारतो, "खट् का खटखट?"

हा प्रश्न थट्टेचा नाही. स्पीडब्रेकरवरून उतरताना एकच 'खट्' आला तर बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड. वळण घेताना लागोपाठ 'खटखट' आली तर ॲक्सलचा जॉइंट, आणि तो खर्च वेगळा. 'खडखड' म्हणजे बहुधा सायलेन्सरचा पत्रा. वेगाबरोबर वाढत जाणारी 'घुर्रर्र' म्हणजे व्हील बेअरिंग. 'कुईं' म्हणजे बेल्ट. त्यामुळे तोंडानं आवाज काढताना जरा जीभ सैल सुटली, एखादा 'खट्' जास्त पडला, तर दोनशेचं काम दोन हजारांवर जातं.

आमची गाडी २००३ सालची मारुती ८००. रंग पांढरा, निदान आरसी बुकात तरी. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बारा इंची चाकं, आणि पॉवर स्टेअरिंग म्हणजे चालवणाऱ्याचे दंड. मारुती ८०० ची पहिली किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी दिली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन बंद झालं. मधल्या तीस वर्षांत पंचवीस लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या, म्हणून तिचे सुटे भाग अजून मिळतात. कायदा मात्र खाजगी गाडीला पंधरा वर्षांचीच नोंदणी देतो. त्यानंतर दर पाच वर्षांनी तिला आरटीओत नेऊन, ही अजूनही गाडीच आहे, हे पटवून द्यावं लागतं आणि वर पर्यावरण कर भरावा लागतो. एप्रिल २०२२ मध्ये या नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजार झाली. एवढे पैसे भरून ठेवल्यावर गाडी भंगारात काढणं हा व्यवहार राहत नाही. ती चालवणं हा वसुलीचा भाग होतो.

तर अशा या गाडीचा पुढून डावीकडून 'खट्' येऊ लागला. शिवाय स्टेअरिंग थोडंसं वळवलं की गाडी लगेच वळायची नाही. आधी ऐकून घ्यायची, मग वळायची.

याची परीक्षा सोपी आहे. चाक जॅकवर उचलायचं, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी दोन्ही हातांनी धरायचं आणि गदागदा हलवायचं. हललं तर बहुधा टाय रॉडकडचं दुखणं. बारा आणि सहाच्या जागी धरून हललं तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट. आमचं चाक तीन-नऊला हललं, आणि एका हातानं हलवत दुसऱ्या हातानं टाय रॉड एंडच्या रबराच्या टोपीवर बोट ठेवलं तर आतला खट् बोटाला चक्क कळला. दुखणं सापडल्याचा आनंद काही वेगळाच असतो. मी तो पुन्हा पुन्हा हलवून घेतला.

गॅरेजवाल्यानंही हलवून बघितलं आणि निकाल दिला, "साहेब, आख्खी रॅक बदलावी लागेल."

"पण हलतोय तर एंड."

"एंड बदलला की मग रॅक बोलणार. आणि रॅक बोलली की तुम्ही येऊन मला बोलणार."

त्याचं तर्कशास्त्र बिनतोड होतं, पण रॅक महाग होती. काही शे रुपयांचा एंड घरीच बदलायचा, असं मी ठरवलं. प्लग, फिल्टर, ब्रेक पॅड इतकी मजल आधीच मारून झाली होती. घरात हे जाहीर केलं तेव्हा सौ. डाळ निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "अहो, स्टेअरिंगच का? आधी काहीतरी बिनमहत्त्वाचं दुरुस्त करा ना. वायपर वगैरे."

या सूचनेत दम होता, हे मान्य केलं पाहिजे. मी वायपर उत्तम चालू असल्याचं सांगितलं. त्यावर तिनं अट घातली, "बदला. पण पहिली चक्कर तुम्ही एकट्यानं मारायची. आणि जाताना मोबाइल घेऊन जा."

सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठेत जावं लागतं. दुकानाची रुंदी दोन माणसांची, खोली मात्र अथांग. गल्ल्यावरचे गृहस्थ पेपर वाचत होते.

"मारुती ८०० चा टाय रॉड एंड हवाय."

"बाजू?"

"डावी."

"बसून डावी का समोरून डावी?"

हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाकडून माल डोळे मिटून घ्यावा. गाडीची डावी बाजू म्हणजे ड्रायव्हरच्या जागी बसल्यावर जी डावी ती. समोर उभं राहून बॉनेटमध्ये डोकं घातलं की तीच उजवी होते. या एका गोष्टीपायी कितीतरी भले लोक चुकीची खोकी घेऊन दुपारच्या उन्हात परत आलेले त्यांनी पाहिले असणार. मी "बसून" म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"ओरिजनल का चालतंय ते?"

"फरक काय?"

"ओरिजनल चालतो. चालतंय ते पण चालतं." क्षणभर थांबून ते म्हणाले, "दोन्ही बाजूंचे न्या. डाव्यानं जेवढे खड्डे खाल्ले तेवढेच उजव्यानं खाल्लेत."

दोन्ही घेतले. खोक्यात एंड, नवा कॅसल नट आणि एका इवल्याशा पिशवीत स्प्लिट पिन.

रविवारी सकाळी हत्यारं काढली आणि पहिला अडथळा स्वयंपाकघरात आला. मला फडकं हवं होतं. आपल्या घरांत फडक्यांची उतरंड किती कडक असते याची पुरुषांना कल्पना नसते. मी हात घातला ते फडकं नव्हतं, ती ओटापुसणी होती. त्याखालचं शेगडीचं. त्याच्या खालचं 'चांगलं' होतं, म्हणजे ते कशासाठीच वापरायचं नसतं. पायपुसणं होण्याच्या वाटेवर असलेला माझाच एक जुना बनियन शेवटी मंजूर झाला, तोही "परत आणू नका" या शर्तीवर. अंगात दुसरा बनियन, हातात हा बनियन, अशा थाटात मी खाली उतरलो.

आमच्या पार्किंगच्या भिंतीवर पाटी आहे : 'येथे वाहने धुणे, दुरुस्त करणे व चेंडू खेळणे सक्त मना आहे. हुकुमावरून.' हुकूम कुणाचा हे पाटीवर नाही. मी पाटीकडे पाठ करून कामाला लागलो. मागच्या चाकाला दगड, हँडब्रेक ओढलेला. चाकाचे नट गाडी खाली असतानाच थोडे ढिले करायचे. गाडी उचलल्यावर जोर लावत बसलं तर नटाआधी गाडी हलते. मग जॅक, आणि जॅकच्या शेजारी घोडी. घोडीशिवाय नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नये. डिकीतला जॅक पंक्चरपुरता असतो, आणि त्याची प्रकृतीही गाडीच्याच वयाची असते. काढलेलं चाक मी गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवलं. जॅक सुटला, घोडी घसरली, तरी गाडी चाकावर टेकेल, माणसावर नाही.

चाक निघेपर्यंत माणसं जमली होती. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला गणपूर्ती होत नाही म्हणून ती दरवर्षी अर्धा तास तहकूब करावी लागते. इथे अजेंडा न काढता गणपूर्ती झाली.

पहिल्या मजल्यावरचे आजोबा प्लॅस्टिकची खुर्ची घेऊनच आले. त्यांना भाग दाखवून समजावलं. स्टेअरिंग फिरवलं की दांड्याच्या टोकाचं दातेरी चक्र एका दातेरी पट्टीला डावी-उजवीकडे सरकवतं, ती रॅक. तिच्या टोकाच्या दांडीला हा एंड, आणि तो चाक वळवतो. चाक वळतंही आणि खड्ड्यात वरखाली उड्याही मारतं, म्हणून या जोडात लोखंडी गोळा असतो. वाटीत बसवलेला, भोवती ग्रीस, वर रबराची टोपी. टोपी फाटली की ग्रीस बाहेर जातं, पाणी आणि माती आत येते, मग वाटी झिजून गोळा खुळखुळायला लागतो.

"म्हणजे खुबाच की!" आजोबांचा चेहरा उजळला. पुढची दहा मिनिटं स्वतःच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेत गेली. वाटी कुठली बसवली, विमा कंपनीनं किती कापले, फिजिओथेरपीवाली मुलगी किती गोड होती. "याला दुसऱ्या दिवशी चालवता का?" त्यांनी विचारलं. त्याच दिवशी, असं सांगितल्यावर ते जरा हिरमुसले.

नटाला पाना कितीचा, यावर दोन तट पडले. एक निवृत्त अभियंते सतराचा म्हणत होते, चौथ्या मजल्यावरचे खजिनदार एकोणीसचा. दोघांपैकी एकाचं बरोबर निघालं. कुणाचं ते मी लिहिणार नाही, कारण दोघेही व्यवस्थापन समितीवर आहेत.

आयटीतला एक तरुण मोबाइलवर व्हिडिओ लावून उभा होता. त्यात एक अमेरिकन माणूस चकचकीत गॅरेजमध्ये उभ्या उभ्या दोन बोटांनी नट फिरवत होता. "काका, हे तर चार मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला. व्हिडिओतल्या गाड्यांना गंज नसतो, हे त्याला कोण सांगणार. माझी स्प्लिट पिन वीस पावसाळे पाहिलेली होती. पकडीनं ओढली तर तिचं डोकं हातात आलं आणि बाकीची नटात राहिली. पूर्वी अशा वेळी घासलेट ओतत. आता घासलेट दिसेनासं झालंय, म्हणून डब्ल्यूडी-४० मारलं. हे रसायन १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला तयार झालं. पाणी हटवण्याचं चाळिसावं सूत्र जमलं म्हणून नाव चाळीस, आणि सुरुवातीचं काम ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू न देण्याचं. क्षेपणास्त्रांचं पुढे काय झालं ते जग जाणतं, पण आमची पिन अर्ध्या तासात निघाली.

नट सुटला तरी एंड सुटत नाही, ही या कामातली खरी मेख. एंडचा खिळा वर निमुळता असतो, पाचरीगत, आणि चाकाकडच्या आर्मच्या तशाच निमुळत्या भोकात जाम रुतलेला असतो. इथे प्रत्येकाच्या मनात येणारा विचार म्हणजे खिळ्याच्या टोकावर हातोडी हाणणं. त्यानं आटे चेपतात, बाकी काही होत नाही. एंड फेकायचाच असला तरी चेपल्या आट्यांवरून नटही निघत नाही आणि मग वेगळाच खेळ सुरू होतो. गॅरेजवाले यासाठी पुलर लावतात. पुलर नसेल तर नट दोन आट्यांवर राहू द्यायचा, आर्मच्या भोकाच्या एका बाजूला जड हातोडा टेकवायचा आणि समोरच्या बाजूनं दुसऱ्या हातोड्यानं टोला द्यायचा. भोक क्षणभर चेपून लांबट होतं, आणि पाचर सुटते.

टोले पडू लागले तसे सल्लेही पडू लागले. "खालून मारा." "अहो, वरून." "गरम करा." "थंड असतानाच निघतं ते." रबराला आग लावायचं सुचवणारा गृहस्थ अग्निशमन समितीचा होता. आणि या गर्दीत मी विचारलं, "जरा टॉर्च धरता का कुणी?" कुणाचाच हात मोकळा नव्हता. एकाच्या हातात चहा होता, दुसऱ्याच्या पेपर, तरुणाचा हात व्हिडिओत गुंतलेला आणि उरलेल्यांचे हात मला दाखवण्यात. शेवटी टॉर्च वॉचमनमामांनी धरली. ते एक अक्षर बोलले नाहीत आणि उजेड नेमका हवा तिथे पडत राहिला.

टण्ण! पाचर सुटली. नट होता म्हणून एंड खाली पडला नाही, नुसता सैल झाला. हा आवाज ज्यानं ऐकला त्याला पुढे काही महिने कुठल्याच गोष्टीची भीती वाटत नाही.

आता एंड दांडीवरून फिरवून काढायचा. आधी एंडला दांडीवर आवळून धरणारा चेकनट जेमतेम सुटेल इतकाच ढिला करायचा आणि जागेवर राहू द्यायचा. मग एंड किती वेढ्यांनी सुटला हे मोजायचं आणि नवा तितक्याच वेढ्यांनी चढवायचा, म्हणजे चाकाचा रोख फार बिघडत नाही. मी मोजायला लागलो आणि नेमके तेव्हाच सचिव उगवले.

"तुमचा फ्लॅट नंबर किती हो? अकरा का बारा?"

"...सात, आठ..."

"मागच्या तिमाहीचे साडेचार हजार राहिलेत बहुतेक."

अशा वेळी मोजदादीवर विसंबणारा माणूस संपला. म्हणून आदल्या रात्रीच मी चेकनटाच्या कडेला दांडीवर सौ.च्या लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता आणि टेपनं अंतरही लिहून ठेवलं होतं. ग्रीसवर नेलपॉलिश बसत नाही. आधी पुसून घ्यावं लागतं. बाटली परत जागेवर ठेवणं हेही कामाचाच भाग समजावं.

सचिवांनी पाटीकडे बोट दाखवलं. मी जुना एंड त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो हलवला. गोळा या टोकाचा त्या टोकाला लोळला. मग नवा दिला, तो बोटांनी हलेचना. ते काही बोलले नाहीत, पण पुन्हा जुना हलवून पाहिला. जुना एंड मग हातोहात सगळ्या सभेत फिरला, आणि ज्यानं त्यानं तो हलवून "बापरे" म्हटलं. पाटीचा विषय तिथेच संपला. पाच मिनिटांनी सचिव खालच्या आवाजात विचारत होते, "माझ्या स्कूटरचा पुढून टकटक असा येतो. टकटक म्हणजे काय असेल?"

नवा एंड चढवला, खिळा आर्ममध्ये बसवला, नट आवळला. कॅसल नटाच्या खाचा आणि खिळ्याचं भोक एका रेषेत आले नाहीत तर नट किंचित आणखी आवळायचा, मागे फिरवायचा नाही. पिन नवीच टाकायची. दोन रुपयांची ती पिन आहे म्हणून स्टेअरिंग तुमच्या हातात आहे. उजव्या बाजूचंही सगळं तसंच झालं, फक्त लवकर, कारण तोवर वरून पोह्यांचा वास आला होता आणि सभा बरखास्त झाली होती.

वेढे मोजा, ठिपके लावा, काही करा, शेवटी अलाइनमेंट करून घ्यावीच लागते. पुढची दोन्ही चाकं एकमेकांशी किती कललेली आहेत हे मिलिमीटरच्या हिशोबात असतं, आणि हिशोब चुकला की टायर कडेनं खोडरबरासारखा झिजत जातो. शिवाय वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं लागतं, कारण त्याचं वर्तुळ लहान. ही युक्ती म्युनिकच्या लांकेनश्पेर्गर नावाच्या बग्गी बनवणाऱ्यानं काढली. तिचं पेटंट मात्र १८१८ मध्ये लंडनला त्याचा प्रतिनिधी म्हणून रुडॉल्फ ॲकरमन यानं घेतलं. हा ॲकरमन धंद्यानं चित्रं आणि पुस्तकं छापून विकणारा. आज जगभरच्या अभियांत्रिकीच्या पुस्तकांत ही रचना ॲकरमनच्या नावानं शिकवतात. त्याच्याही साठेक वर्षं आधी चार्ल्स डार्विनच्या आजोबांना, इरॅस्मस डार्विनला, हेच सुचलं होतं, पण त्यांनी पेटंट घेतलं नाही. डोकं एकाचं, मेहनत दुसऱ्याची आणि पावती तिसऱ्याच्या नावावर, ही पद्धत आपणच काढली असा माझा इतके दिवस समज होता.

अटीप्रमाणे पहिली चक्कर मी एकट्यानं मारली, मोबाइल घेऊन. स्पीडब्रेकर आला. चाक चढलं, उतरलं. खट् नाही! स्टेअरिंग सांगितल्याबरोबर ऐकू लागलं. आणि त्या शांततेत मागच्या सीटच्या बाजूनं एक बारीक 'किर्रर्र' ऐकू आला. तो बहुधा बरीच वर्षं तिथेच होता. खट्च्या आरड्याओरड्यात त्या बिचाऱ्याला कुणी बोलूच दिलं नव्हतं. जुन्या गाडीचे आवाज रांगेत उभे असतात. पुढचा गेला की मागचा एक पाऊल पुढे सरकतो.

रॅक अजून बोललेली नाही. बोलली तर त्या गॅरेजवाल्याकडे जाईन आणि ''तुम्ही म्हणाला होतात'' असं आपणहून सांगेन. तेवढा त्याचा हक्क आहे. अलाइनमेंटच्या पैशांसकट सगळा खर्च त्यानं रॅकसाठी सांगितलेल्या आकड्याच्या पासंगाला पुरत नाही. जुना एंड आजोबांनी मागून नेला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो हलवून दाखवत ते आता स्वतःच्या खुब्याची गोष्ट सांगतात. सचिवांच्या स्कूटरची टकटक येत्या रविवारी बघायची ठरली आहे, पार्किंगमध्येच, पाटीखाली.

वाचकांना एकच विनंती. तुमच्या सोसायटीत कुणी चाक काढून, तोंडात पिन धरून, गाडीपाशी उकिडवा बसलेला दिसला, तर पाना कितीचा लागतो ते त्याला सांगू नका. टॉर्च धरा.